आखाजीला उकुलेले घेतलं, तारा मात्र आषाढात सापडल्या

मे महिन्यात आमच्या अमळनेरला दुपारी घरात पडलेलं असलं की मधेच सागवानी कपाट कडकन वाजतं, कुणी हात न लावता. बाहेर ४३-४४ डिग्री, हवेत ओलावा नावाला नाही, लाकूड आकसतं आणि आवाज करतं. कपाट वाजलं तर काही बिघडत नाही. पण माझ्या मित्राचं सॉलिड टॉपचं, म्हणजे वरची फळी एकसंध लाकडाची असलेलं, गिटार असंच एका दुपारी वाजलं आणि बघतो तर घोडीच्या, म्हणजे तारा अडकवतात त्या पट्टीच्या, खालून थेट कडेपर्यंत लाकडाच्या रेषेरेषेने चीर गेलेली. पुण्याहून हौसेने आणलेलं गिटार, तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. ती चीर मी इतक्या जवळून बघितली की स्वतःसाठी वाद्य घ्यायची वेळ आली तेव्हा पहिला विचार तिचाच आला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, तिसरी-चौथीचा वर्ग. शाळेत पेटी आहे पण दोन स्वर बोलत नाहीत, भाता फुसफुसतो, आणि ती एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची म्हणजे दोघं लागतात. मला असं काहीतरी पाहिजे होतं जे मोटरसायकलवर पाठीला अडकवून नेता येईल, पोरांच्या मधे बसून वाजवता येईल आणि पोरांनी हातात घेतलं तरी माझा जीव वर-खाली होणार नाही. म्हणून उकुलेले, गिटारचंच छोटं भावंड. चार तारा, अर्ध्या किलोच्या आसपास वजन, आणि एका बोटाने सुद्धा गाणं सुरू करता येतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी जळगावला गेलो होतो बहिणीला माहेरी आणायला, तेव्हाच एका वाद्यांच्या दुकानात शिरलो. दुकानदार चांगला होता पण त्याचं सगळं लक्ष महागाचं खपवण्यात, सारखं म्हणे दादा सॉलिड टॉप घ्या, लॅमिनेट म्हणजे प्लायवूड, त्याला आवाज नसतो. आता यात अर्धं खरं आहे. लॅमिनेट म्हणजे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले, बहुतेक तीन, आणि मधल्याच्या रेषा आडव्या. वरच्या पापुद्र्यावर महॉगनी दिसली तरी आतलं लाकूड वेगळं असू शकतं. एकसंध पातळ लाकूड जसं मोकळं थरथरतं तसं हे थरथरत नाही हे मान्य. पण त्या आडव्या थरामुळेच ते चिरत नाही ना! उभं लाकूड आकसायला गेलं की आडवं त्याला धरून ठेवतं. सॉलिड लाकडाला ४५ ते ५५ टक्के ओलावा लागतो असं सगळे सांगतात. आमच्याकडे मे महिन्यात तो आणायचा कुठून?

आणि नुसता कोरडेपणाच असता तर एक वेळ चाललं असतं. आमच्याकडे घरोघरी कूलर. दुपारी कूलर लावला की खोलीत पावसाळा, रात्री लाईट गेली की परत भट्टी, एका दिवसात लाकडाला दोन ऋतू बघावे लागतात. खिडकीतल्या कूलरच्या वाऱ्यात वाद्य टांगून ठेवणारे लोक मी बघितलेत, कृपा करून असं करू नका, लॅमिनेट असलं तरी नका करू. आणि उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात ठेवू नका, चीर पडली नाही तरी सरस मऊ होतो आणि घोडी उचलली जाते. पण एवढी काळजी घेतली तर आपल्या खान्देशच्या हवेत लॅमिनेटच टिकतं हे माझं ठाम मत आहे, आणि ते फक्त पैसे कमी म्हणून नाही.

दुकानात मी जवळपास तासभर बसलो. ओळखायचं कसं ते सांगतो. मधल्या गोल भोकाची कड बघायची, लॅमिनेट असेल तर तिथे थर दिसतात, सॉलिड असेल तर वरची रेष कडेवरून तशीच खाली उतरलेली दिसते. मग दांडी डोळ्यासमोर धरून बघायची वाकडी आहे का. मग दांडीच्या दोन्ही बाजूंनी बोट खालीवर फिरवायचं, कोरड्या हवेत लाकूड आत जातं आणि पडद्यांची (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बाहेर येऊन बोटाला टोचतात, मी हातात घेतलेल्या पहिल्या दोन नगांत टोचत होती. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवायची, झणझणते का ऐकायचं. आणि खुंट्या दात्याच्या, म्हणजे गिअरवाल्या आहेत ना ते बघायचं, नुसत्या घर्षणाच्या खुंट्या नवीन माणसाला फार छळतात.

साईजचं सांगायचं तर सगळ्यात छोटं सोप्रानो, तार साधारण साडेतेरा इंच, त्यावर कॉन्सर्ट १५ इंच, त्यावर टेनर १७ इंच. माझी बोटं जाड, सोप्रानोवर दोन बोटं एका घरात, म्हणजे दोन पडद्यांच्या मधे, मावेनात, म्हणून कॉन्सर्ट घेतलं. २८०० रुपये, सोबत पातळ कापडी पिशवी. दुकानदाराने शेवटी पिक फुकट दिलं, ते मी कधी वापरलं नाही, याला बोटंच बरी.

घरी आणलं तर आखाजीची गडबड, बहीण आलेली, अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, पोरीबाळी गाणी म्हणतायत. आजीने पिशवी उघडताना बघितलं आणि विचारलं, "हाई काय शे रे भाऊ? खेयनं शे का?" मी म्हटलं वाद्य आहे आजी, आणि एक एक तार वाजवून दाखवली. तीन तारांवर तिने मान डोलावली. उरलेल्या एकीवर, म्हणजे जाड सी तारेवर, ती थांबली आणि म्हणाली ही कशी वाजस, ढब. एका शब्दात निकाल! आणि तिचं बरोबर होतं, मी दुकानातल्या गोंगाटात ऐकलं नव्हतं.

इथे तारांची लावणी सांगायला पाहिजे, कारण पेटीवाल्यांना ती फार सोपी वाटेल. जी, सी, ई, ए. म्हणजे पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. पांढरी एकला सा धरला तर प, सा, ग, ध. गंमत अशी की पहिली प ची तार खर्जातली नाही, ती सा च्या वरचीच आहे. म्हणजे सगळ्यात खालचा स्वर दुसऱ्या तारेवर, सा वर. या उलटसुलट लावणीमुळेच त्याचा आवाज असा खळखळत्या पाण्यासारखा येतो. आणि ए तारेच्या तिसऱ्या घरात एक बोट ठेवलं की प सा ग आणि वरचा सां, झाली सी कॉर्ड. पोरांची निम्मी बडबडगीते एवढ्यावर आणि अजून दोन कॉर्डवर निघतात.

पण तो सा च ढब वाजत असेल तर? सगळं गाणं ज्याच्यावर उभं तीच तार मेलेली. माझा पहिला अंदाज हाच की दुकानदार म्हणाला ते खरं, प्लायवूड ते प्लायवूड. आठ-दहा दिवस तसंच वाजवलं आणि उत्साह अर्धा झाला. मग एक दिवस नीट विचार केला की ए तार छान वाजते, ई छान वाजते, खोकं तर चौघींना एकच आहे, मग दोष खोक्यात कसा?

आमच्या मामांचं लेथचं वर्कशॉप आहे. तिथे जाऊन मायक्रोमीटर लावला. ती काळी नायलॉनची सी तार निघाली जवळपास १ मिलिमीटर जाड. पंधरा इंचाच्या लांबीत पांढरी एकचा स्वर, म्हणजे २६१.६ हर्ट्झ, आणायचा तर नायलॉनसारख्या हलक्या मालाची तार जाडच घ्यावी लागते. आणि जाड तार म्हणजे ताठ तार, ती तारेसारखी कमी आणि काडीसारखी जास्त हलते, वरचे बारीक स्वर तिच्यातून निघतच नाहीत, उरतो तो ढब. हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं! वाद्य वाईट नव्हतं, तार चुकीची होती.

मग सुरू झाला शोध. पहिला प्रयोग स्वस्तातला. उकुलेलेला मासे पकडायचा तंगूस लावतात हे मी वाचलं होतं, आणि तापीकाठच्या माणसाला तंगूस काय नवीन नाही. जाळी-गळ विकणाऱ्याकडून तीन जाडीचा तंगूस आणला, ७० रुपयात सगळं. लावला. आवाज आला पण वरच्या घरात गेलं की बेसूर. बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवायची आणि तिथेच नुसतं बोट टेकवून घंटीसारखा स्वर काढायचा, दोन्ही स्वर एकच यायला पाहिजेत. इथे दाबलेला स्वर चांगलाच चढा. परत मामांकडे. मामांनी चष्मा लावून तंगूस वीतभर अंतरावर मोजत नेला, ०.९१, ०.९०, ०.८६, परत ०.८९. मामा म्हणे, "भाचे, हा माल माशासाठी आहे, माशाला काय फरक पडतो." मला मात्र सगळं समजलं. तार एका जागी जाड एका जागी बारीक असेल तर ती सुरात कधीच येणार नाही, कितीही पिळा.

तंगूस लावतात ते खरं आहे, पण तो साधा नायलॉनचा नाही, फ्लोरोकार्बनचा, तो आमच्या बाजारात मिळत नाही. त्याकडे येतोच. त्याआधी नायलगट लावून बघितल्या, इटलीतल्या अक्विला कंपनीच्या, त्या पांढऱ्या दुधाळ रंगाच्या. पूर्वी या वाद्याला आतड्याच्या तारा असायच्या, गट म्हणतात त्याला, नायलॉन दुसऱ्या महायुद्धानंतर आलं. नायलगट म्हणजे कृत्रिम माल पण वजन आतड्याच्या तारेच्या जवळ जाणारं. मला ऑनलाईन ५५० ला पडल्या. खरं सांगतो, पहिल्या दिवशी मी नाचलो होतो. आवाज दुप्पट मोठा, सी तार उघडली. शाळा सुरू झाली होती, जूनचा तिसरा आठवडा असेल, वर्गात वाजवलं तर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. पण पंधरा दिवसांत जाणवायला लागलं की माझ्या या खोक्यावर वरच्या दोन तारा फार टोकदार वाजतात, गाणाऱ्याच्या आवाजावर चढतात, आणि बोटाला किंचित खरखरीत लागतात. दुसऱ्या कुणाच्या वाद्यावर त्या सोन्यासारख्या वाजतील, मला शंका नाही. ज्याला मोकळ्या मैदानात मोठा आवाज पाहिजे त्याने याच घ्याव्या. माझं काम हळू आवाजात गाणाऱ्या आठ वर्षांच्या पोरांबरोबर होतं.

मग फ्लोरोकार्बन. हा माल नायलॉनच्या दीडपट जड, नायलॉन साधारण १.१५ आणि हा १.७८ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. याचा अर्थ तोच स्वर, तेवढाच ताण पाहिजे असेल तर तार एक पंचमांशाने बारीक घेतली तरी चालते. बारीक म्हणजे लवचिक, लवचिक म्हणजे वरचे स्वर मोकळे. माझा सगळा त्रास ज्या जाडीचा होता तिच्यावरच हा इलाज. आणि दुसरी गोष्ट आमच्या हवेसाठी फार मोलाची, नायलॉन हवेतला ओलावा पितं, कूलर लावला की उतरतं, बंद केला की चढतं, दिवसातून चार वेळा खुंट्या पिळा. फ्लोरोकार्बन पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल. मासे पकडणारे ते वापरतात ते यासाठी पण, की पाण्यात भिजून ते बदलत नाही.

मार्टिन कंपनीच्या एम ६०० मागवल्या, सोप्रानो आणि कॉन्सर्टला चालणाऱ्या. कुरिअर आलं तेव्हा आषाढाचा पाऊस लागलेला होता. मामांकडे मोजल्याशिवाय लावायच्या नाहीत असं ठरवलेलं. प्रत्येक तार पाच जागी मोजली, काटा जागचा हलला नाही. मामांनी मायक्रोमीटर खाली ठेवला आणि म्हणाले, हा बनवणारा कारागीर आहे.

लावताना एक घोटाळा झाला तो सांगतो म्हणजे तुमचा होणार नाही. या तारा गुळगुळीत आणि बारीक, घोडीला नेहमीसारखी एकदा पीळ देऊन गाठ मारली. सी, ई, जी बसल्या. ए तार चढवताना ४४० हर्ट्झच्या जवळ आलो आणि सट्कन गाठ सुटली, तार उलटी उडाली आणि तिच्या टोकाने घोडीच्या मागे लाकडावर टिकलीएवढा टोचा पाडला. पांढरा, कायमचा. त्यामुळे ए तारेला दोन-तीन वेढे जास्त द्यायचे, शेवटचा वेढा घोडीच्या मागच्या कडेखाली दाबला गेला पाहिजे, आणि काम चालू असताना घोडीमागे पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा. मी लग्नपत्रिकेचा ठेवतो. तारा एकेक करून बदलायच्या म्हणजे दांडीवरचा ताण एकदम जात नाही. आणि गिटारच्या लोखंडी तारा चुकून सुद्धा लावायच्या नाहीत, हे वाद्य एवढ्या ओढीसाठी बनलेलं नाही, घोडी उखडून हातात येईल.

अजून एक काम शिल्लक होतं. पहिल्या पडद्यावर सगळे स्वर जरा चढे येत होते. तार तिसऱ्या पडद्यावर दाबून पहिल्या पडद्यावर बघितलं तर तार आणि पडद्यात जेमतेम कागद जाईल एवढीच फट असायला हवी, माझ्याकडे पोस्टकार्ड जात होतं. म्हणजे वरच्या टोकाच्या पट्टीतल्या, नटमधल्या खाचा उथळ. स्वस्त वाद्यात हे हमखास असतं, कारखान्यात त्यावर वेळ घालवत नाहीत. मामांकडे गॅस वेल्डिंगच्या नोझलमधला कचरा काढायच्या बारीक बारीक काड्यांचा जुडगा असतो, प्रत्येक काडी वेगळ्या जाडीची आणि कानशीसारखी खरबरीत. तारेच्या जाडीची काडी घेऊन चार ओढ, मग तार लावून बघ, परत चार ओढ. जास्त घासलं तर तार पडद्याला लागून झणझणते आणि मग पट्टीच बदलावी लागते, म्हणून घाई नाही. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं, खुंटी पिळताना तार अडकून टक् टक् करायची ती बंद झाली.

तीन-चार दिवस तारा ताणत राहतात, रोज सकाळी उतरलेल्या, त्याला इलाज नाही, थांबायचं. पाचव्या दिवशी सकाळी पिशवीतून काढलं, सी तार वाजवली आणि हात तसाच वर धरून ऐकत राहिलो. स्वर सुरू झाला, गोल झाला, आणि खोलीत रेंगाळून मग गेला. तेच २८०० चं खोकं. आजी ओसरीवर शेंगा फोडत होती, तिने मान वळवली. "आते बोलस," एवढंच म्हणाली.

कधी कधी मला हे वाद्य पहिल्यांदा बनवणाऱ्यांचा विचार येतो. १८७९ च्या ऑगस्टमध्ये रॅव्हन्सक्रॅग नावाचं जहाज हवाई बेटांवरच्या होनोलुलूला लागलं, पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून माणसं घेऊन, उसाच्या मळ्यात राबायला आणलेली. त्यात तीन सुतारकाम करणारे होते, मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो. मळ्यातला करार संपल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकानं टाकली आणि आपल्या गावाकडच्या छोट्या वाद्यावरून तिथल्या कोआ लाकडात हे वाद्य बनवलं. म्हणजे जे लाकूड आणि जी हवा मिळाली त्यातच त्यांनी केलं. कोआ हवाई बेटांच्या हवेत वाढलेलं झाड, बोरी नदीच्या काठी वैशाखात त्याचं काय होईल कोण जाणे. म्हणून माझं लॅमिनेट मला कमीपणाचं वाटत नाही, ते इथल्या हवेला धरून आहे.

शाळेतल्या पेटीची एक गोष्ट राहिली. मोबाईलच्या ट्यूनरवर ४४० ला लावून शाळेत गेलो तर पेटीशी जुळेना. पेटी ट्यूनरपेक्षा जराशी चढी आहे, जुन्या पेट्या अशा असतात. तर पेटीसोबत वाजवायचं असेल तेव्हा ट्यूनर खिशात ठेवायचा आणि पेटीची पांढरी एक दाबून कानाने सी तार लावायची, बाकीच्या तिच्यावरून. आता चौथीतल्या दोन पोरी हे स्वतः करतात, एक पेटी दाबते, एक खुंटी पिळते आणि जुळलं की दोघी एकदम "आलं!" म्हणतात.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या भाऊबंदकीत कानबाई, म्हणजे आमची खान्देशची देवी, बसली. रोट झाले, जेवणं झाली, रात्री बायका गाणी म्हणायला बसल्या. त्या गाण्यांना वाद्य लागत नाही आणि मी मधे वाजवावं असं मला वाटतही नव्हतं, कोपऱ्यात मांडीवर घेऊन बसलो होतो. आत्या गाणं उचलते, तिचा सा काळी एकच्या आसपास. पहिल्या घरात कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला, म्हणजे सी तार झाली काळी एक आणि जी तार काळी चार, सा आणि प. दोनच तारा, हळू, तानपुऱ्यासारख्या, बाकी काही नाही. दोन गाणी झाल्यावर तिसरं सुरू करायच्या आधी आत्या थांबली, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं बंद कर म्हणेल.

"तीच वाजाड रे भाऊ, जाडी," ती म्हणाली, आणि तार वाजल्यावर तिच्यावरूनच गाणं उचललं.